गुणांमागे पैसे: ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांशी झालेल्या कराराचं प्रकरण

एवढ्या मोठ्या प्रमाणावर त्याआधी कुठल्याही देशाने केला नव्हता असा प्रयोग ब्रिटनने एप्रिल २००४ मध्ये सुरू केला. तिथल्या जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, उत्पन्नाचा जवळपास पाव हिस्सा त्यांनी रुग्णांची काळजी किती चांगली घेतली याच्या मोजमापाशी जोडला गेला. योजनेचं नाव क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क. डॉक्टर मंडळी तिला नुसतं 'क्वॉफ' म्हणतात, पुढे मीही तेच म्हणेन.

चांगल्या कामाला जास्त पैसे दिले तर काम सुधारतं का, हा प्रश्न आरोग्यव्यवस्थेत सगळीकडे विचारला जातो आणि उत्तर बहुधा आपापल्या स्वभावानुसार दिलं जातं. क्वॉफच्या बाबतीत स्वभावावर विसंबायची गरज नाही. योजना आली तेव्हा काय झालं, ती वीसेक वर्षं चालली तेव्हा काय झालं आणि तिचे काही भाग काढून घेतले तेव्हा काय झालं, या तिन्हींच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या वाचून माझं मत असं झालं आहे: पैशाने काम होतं आणि लवकर होतं, पण ज्याची नोंद मागितली तेवढंच होतं. ब्रिटनने या पैशातून खरी मोलाची जी वस्तू मिळवली ती होती दवाखान्यांची शिस्त. याद्या, आठवणीची पत्रं, नर्सच्या तपासण्या, संगणकावरच्या नोंदी. या शिस्तीसाठी सरळ पैसे देता आले असते. गुणांच्या वाटेने दिले आणि ती वाट महाग पडली.

आधीची परिस्थिती

राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, जीपी हे सरकारी नोकर नाहीत. दोन-चार किंवा आठ-दहा डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात आणि एनएचएसशी करार करतात. रुग्णाला पैसे द्यावे लागत नाहीत. दवाखान्याला मुख्य उत्पन्न मिळतं ते नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येनुसार. रुग्ण वर्षभरात एकदाही आला नाही तरी त्याच्या नावचे पैसे येतात आणि क्वॉफच्या आधी मधुमेहाच्या रुग्णाचे पाय काळजीपूर्वक तपासले म्हणून जास्त येत नसत. अशा पद्धतीत मन लावून काम करणारा आणि उरकून टाकणारा यांचं उत्पन्न सारखंच राहतं.

पैशाचा वापर करून काम करून घेण्याची चव सरकारने १९९० च्या करारात घेतली होती. मुलांच्या लसीकरणासाठी ७० आणि ९० टक्के, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ५० आणि ८० टक्के असे टप्पे ठरवले होते. वरचा टप्पा गाठला की मोठी रक्कम मिळे. दोन्ही कामांचं प्रमाण वाढलं. पण ती दोन सुटी कामं होती.

२००० च्या सुमाराला दोन गोष्टी एकत्र आल्या. एकीकडे जीपी फार नाराज होते. काम वाढलेलं, उत्पन्न मागे पडलेलं, नवे डॉक्टर या शाखेकडे वळत नव्हते. सामूहिक राजीनाम्याची भाषाही सुरू झाली होती. दुसरीकडे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आरोग्यावरचा खर्च युरोपच्या सरासरीपर्यंत नेण्याचं आश्वासन दिलं होतं. पैसे होते, ते जीपींना द्यायचेही होते, पण अर्थखात्याला मोबदल्यात काहीतरी दाखवता येण्यासारखं हवं होतं. गुणवत्तेशी जोडलेला मोबदला हा दोन्ही बाजूंना चालणारा मार्ग ठरला. म्हणजे क्वॉफ ही जितकी गुणवत्तेची योजना होती तितकीच पगारवाढीची तडजोड होती. हे विसरलं तर पुढचे आकडे नीट कळत नाहीत.

आणखी एक गोष्ट. क्वॉफ येण्याआधीच काळजीची गुणवत्ता सुधारत होती. १९९९ मध्ये नाइस ही उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणारी संस्था उभी राहिली, हृदयविकाराचा राष्ट्रीय आराखडा २००० मध्ये आला, दवाखान्यांमध्ये संगणक आले, परस्परांच्या कामाची तपासणी सुरू झाली. आलेख आधीच वर चढत होता.

योजना कशी होती

सुरुवातीला १४६ निकष आणि एकूण १,०५० गुण. त्यातले ५५० गुण दहा आजारांच्या उपचारांना: हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, पक्षाघात, अपस्मार, थायरॉइडची कमतरता, कर्करोग, फुप्फुसांचा दीर्घ विकार आणि मानसिक आजार. उरलेले गुण दवाखान्याची व्यवस्था, रुग्णांचा अनुभव वगैरेंना. सरासरी आकाराच्या दवाखान्याला पहिल्या वर्षी एका गुणामागे साधारण ७५ पौंड मिळाले, दुसऱ्या वर्षी सव्वाशेच्या आसपास. पूर्ण गुण मिळाले तर दुसऱ्या वर्षी एका दवाखान्याला वर्षाकाठी सुमारे १,३०,००० पौंड.

एक निकष उदाहरणादाखल घेऊ. उच्च रक्तदाबाच्या किती रुग्णांचा गेल्या नऊ महिन्यांतला शेवटचा रक्तदाब १५०/९० किंवा त्याहून कमी आहे? याला ५६ गुण. २५ टक्के रुग्णांच्या वर गेलात की गुण मिळायला सुरुवात आणि ७० टक्क्यांना पूर्ण गुण. ७० च्या पुढे एक पैसाही नाही.

या एका निकषात योजनेचा सगळा गुणदोष दिसतो. निकष वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने पक्षाघात टळतो. पण १५२ वर असलेला रुग्ण आणि १९० वर असलेला रुग्ण, दोघांनाही १५० च्या खाली आणलं तर गुण सारखेच. १५२ वाल्याला खाली आणणं सोपं असतं आणि फायदा १९० वाल्याला जास्त होणार असतो. १९० वरून १६० पर्यंत आणलं, रुग्णाचा धोका खूप घटला, तरी गुण शून्य. पुढे संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा १५० च्या लगेच खालच्या आकड्यांची गर्दी आढळली. त्यात लबाडीच असेल असं नाही. १५२ आला तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं आणि १४८ आला तर थांबायचं, एवढ्यानेही असं चित्र तयार होतं.

जमेची बाजू अशी की योजनेत एक विवेकी दार ठेवलं होतं. उपचार नाकारणारे, शेवटच्या अवस्थेतले, औषध सोसत नसलेले किंवा तीनदा बोलावूनही न आलेले रुग्ण गणतीतून वगळता येत. हे दार नसतं तर अशक्त म्हाताऱ्या माणसाला गुणांसाठी पाचवी गोळी द्यायचा मोह झाला असता. या दाराचा गैरवापर होईल अशी मोठी भीती होती. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी इंग्लंडमध्ये वगळलेल्यांचं मध्यम प्रमाण ६ टक्के होतं आणि १५ टक्क्यांहून जास्त रुग्ण वगळणारे दवाखाने सुमारे एक टक्का निघाले. बहुसंख्य डॉक्टर प्रामाणिकपणे वागले, हे ठळकपणे सांगितलं पाहिजे. एरवी अशा चर्चेत संशयच फार बोलतो.

योजनेतली सर्वांत मोठी चूक निकषांच्या बाहेरची होती. ती देशभर एकाच दिवशी लागू झाली. आधी कुठे करून पाहिली नाही, तुलनेसाठी एकही भाग बाजूला ठेवला नाही आणि सुरू होण्याआधीची पातळी सगळ्या दवाखान्यांत मोजून घेतली नाही. दोनच वर्षांनी रवांडासारख्या गरीब देशाने हेच काम किती विचारपूर्वक केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे काही जिल्ह्यांतल्या आरोग्यकेंद्रांना कामगिरीनुसार पैसे दिले आणि उरलेल्या जिल्ह्यांना तेवढीच रक्कम अट न घालता दिली. त्यामुळे पैसे वाढल्याचा परिणाम कोणता आणि पैसे कामगिरीला जोडल्याचा कोणता, हे वेगळं काढता आलं. कामगिरीनुसार पैसे मिळालेल्या भागात आरोग्यकेंद्रातली बाळंतपणं २३ टक्क्यांनी वाढली, लहान मुलांच्या प्रतिबंधक तपासण्याही बऱ्याच वाढल्या. गरोदरपणातल्या चारही तपासण्या पूर्ण करण्यावर आणि लसीकरण पूर्ण होण्यावर मात्र परिणाम दिसला नाही. ब्रिटनकडे पैसा, संगणक, विद्यापीठं सगळं होतं आणि तरी वर्षाला सुमारे १०० कोटी पौंड खर्चाची योजना अशा रीतीने आणली की तिचा परिणाम सिद्ध करणं संशोधकांना पुढची दहा-बारा वर्षं कोडं होऊन बसलं.

पहिला निकाल

सरकारचा अंदाज होता की दवाखाने सरासरी ७५ टक्के गुण मिळवतील. इंग्लंडमध्ये पहिल्याच वर्षी सरासरी १,०५० पैकी सुमारे ९५९ गुण मिळाले. ९१ टक्के.

अंदाज चुकला आणि हिशेबही कोलमडला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये अहवाल दिला. नव्या कराराच्या पहिल्या तीन वर्षांत ठरल्यापेक्षा १७६ कोटी पौंड जास्त खर्च झाले होते आणि २००२-०३ ते २००५-०६ या काळात भागीदार जीपींचं सरासरी उत्पन्न ५८ टक्क्यांनी वाढलं होतं. वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना लोभी ठरवलं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. समोर ठेवलेली कामं त्यांनी केली आणि ठरलेले पैसे घेतले. कामं किती अवघड आहेत हे न मोजता भाव ठरवला होता तो सरकारने.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. ९१ टक्के गुण मिळाले याचा अर्थ रुग्णांची काळजी सुधारली, की ती आधीच बऱ्यापैकी होती, की फक्त नोंदी सुधारल्या?

याचं सर्वांत नेमकं उत्तर एका छोट्या अभ्यासातून मिळालं. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ४२ दवाखान्यांची १९९८ पासूनची माहिती जमवलेली होती. योजनेच्या आधी दोन वेळा आणि नंतर दोन वेळा, २००५ आणि २००७ मध्ये, त्यांनी दमा, मधुमेह आणि हृदयविकार यांची काळजी मोजली. दमा आणि मधुमेहात २००५ पर्यंत सुधारणेचा वेग वाढला. हृदयविकारात वेग आधीच चांगला होता, तो वाढला नाही. २००७ पर्यंत तिन्ही आजारांत वेग मंदावला. पूर्ण गुण मिळून चुकले होते, आणखी पुढे जायला पैशाची ओढ उरली नव्हती. उच्च रक्तदाबाच्या साडेचार लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर योजनेचा वेगळा असा परिणामच सापडला नाही. रक्तदाब आधीपासून सुधारत होता, तो तसाच सुधारत राहिला.

म्हणजे जिथे काम मागे पडलेलं होतं तिथे पैशाने धक्का दिला, आणि जिथे डॉक्टर आधीच धावत होते तिथे सरकारने धावणाऱ्यालाच पैसे दिले.

अनपेक्षित भलं

एका बाबतीत मात्र क्वॉफने टीकाकारांना खोटं ठरवलं. भीती अशी होती की श्रीमंत वस्त्यांतले दवाखाने गुण लुटतील आणि गरीब वस्त्यांतले आणखी मागे पडतील. गरीब वस्तीत आजार जास्त, रुग्ण वेळेवर येत नाहीत, डॉक्टर कमी. पण झालं उलट. पहिल्या वर्षी सर्वांत गरीब आणि सर्वांत सुस्थित भागांतल्या दवाखान्यांच्या कामगिरीत ४ टक्क्यांचं अंतर होतं. तिसऱ्या वर्षी ते ०.८ टक्क्यांवर आलं.

हे कसं झालं याचा विचार केला की योजनेचं मर्म हाती येतं. मागे राहिलेल्या दवाखान्यांत डॉक्टर वाईट होते असं नव्हतं, व्यवस्था नव्हती. मधुमेहाचे आपले रुग्ण नेमके किती, हेच ठाऊक नसे. क्वॉफने प्रत्येक आजाराची यादी करायला लावली. यादी झाली की कोण आलं नाही ते कळतं, कळलं की पत्र जातं, पत्र गेलं की माणूस येतो. नर्स रक्तदाब मोजते, रक्त काढते, पाय बघते. संगणकाच्या पडद्यावर सूचना उमटते की या रुग्णाचं अमुक बाकी आहे. यात वैद्यकीय हुशारीपेक्षा कारकुनी चिकाटी जास्त आहे, आणि दीर्घ आजारांत रुग्णाचं भलं बरंचसं या चिकाटीवर अवलंबून असतं.

ही चिकाटी दाखवली कोणी? मुख्यतः नर्सनी आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी. त्या पगारी नोकर. गुणांचे पैसे मात्र भागीदार डॉक्टरांच्या खात्यात जमा झाले, त्यातला वाटा नर्सना द्यायचा की नाही हे त्या-त्या दवाखान्याच्या मर्जीवर. दवाखान्यांत राहून केलेल्या निरीक्षणात नव्या पद्धतीबद्दलची खंत डॉक्टरांपेक्षा नर्सच्या तोंडून जास्त ऐकू आली, यात नवल नाही. ज्याच्या कष्टाने काम झालं त्याच्यापर्यंत मोबदला पोचत नसेल तर त्याला 'कामगिरीनुसार मोबदला' म्हणताना माझी जीभ अडखळते.

जे मोजलं नाही त्याचं काय झालं

त्या ४२ दवाखान्यांच्याच अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. दमा आणि हृदयविकार यांच्या काळजीतली जी कामं गुणांच्या यादीत नव्हती, त्यांची गुणवत्ता घसरली. आणि नेहमीच्याच डॉक्टरांना भेटता येण्याचं प्रमाण योजना सुरू होताच खाली गेलं, ते खालीच राहिलं. नंतर १४८ दवाखान्यांच्या मोठ्या अभ्यासातही यादीबाहेरची कामं २००६-०७ पर्यंत आधीच्या चढत्या कलापेक्षा मागे पडलेली दिसली.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. एकच डॉक्टर वर्षानुवर्षं आपल्याला ओळखतो, आपण काय बोलत नाही तेही त्याला कळतं, याला फॅमिली डॉक्टरकीत मोठी किंमत आहे. मधुमेह, दमा, हृदयविकार असे वेगवेगळे दिवस ठरले, प्रत्येकाला वेगळी नर्स, वेगळा नमुना. रुग्ण तीन आजार घेऊन तीन वेळा येऊ लागला आणि त्याला सबंध ओळखणारं कोणी उरलं नाही. ही हानी एका गुणाचीही नव्हती, म्हणून योजनेच्या कुठल्याही गुणपत्रकात दिसली नाही.

मोजमापामागे धावताना रुग्णाचंच कसं अडतं याचं जाहीर उदाहरण २००५ च्या निवडणूक प्रचारात घडलं. ४८ तासांच्या आत जीपीची भेट मिळाली पाहिजे असं सरकारी उद्दिष्ट होतं आणि त्यालाही पैसे जोडलेले होते. काही दवाखान्यांनी त्यावर उपाय काढला: ४८ तासांपुढची भेट द्यायचीच नाही. टीव्हीवरच्या चर्चेत एका महिलेने ब्लेअर यांना सांगितलं की पुढच्या आठवड्याची वेळ मागितली तर मिळत नाही. त्यांचा विश्वास बसेना. सभागृहातल्या इतरांनीही आपला तोच अनुभव असल्याचं सांगितलं. उद्दिष्ट कागदावर पूर्ण होत होतं.

एका आकड्याची गोष्ट

निकष हे आजच्या ज्ञानावर बसवलेले असतात आणि ज्ञान बदलतं. याचं गंभीर उदाहरण मधुमेहात घडलं.

एचबीए१सी या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. २००९ मध्ये क्वॉफमधलं एक उद्दिष्ट कडक करून ७ टक्के किंवा कमी असं केलं. तोपर्यंत अमेरिकेतल्या 'अकॉर्ड' चाचणीचा निकाल येऊन गेला होता. टाइप २ मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या रुग्णांत साखर फार खाली, ६ टक्क्यांच्या आत, आणण्याचा प्रयत्न तिथे चालू होता. २००८ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. ७ आणि ६ यांत फरक आहे, हे मान्य. पण वयस्क, अनेक औषधं घेणाऱ्या माणसाची साखर किती खाली न्यावी याबद्दल जगभरातले तज्ज्ञ सावध होत असताना ब्रिटनमध्ये ती आणखी खाली नेण्यासाठी पैसे मिळत होते. डॉक्टरांनी उघड विरोध केला. २०११ मध्ये उद्दिष्ट ७.५ वर आणलं.

कागदावरची मार्गदर्शक सूचना चुकली तर डॉक्टर आपल्या बुद्धीने ती बाजूला ठेवू शकतो. तिलाच पैसे जोडले की बाजूला ठेवण्याची किंमत त्याच्या दवाखान्याला मोजावी लागते. म्हणून परिणामांना, शरीरातल्या आकड्यांना पैसे जोडण्याबद्दल मी फार साशंक आहे. पाय तपासलेत का, डोळ्यांच्या तपासणीला पाठवलंत का, हे विचारणं वेगळं. साखर अमुक आकड्याखाली आणलीत का, हे विचारलं की समोर बसलेल्या माणसाच्या शरीराबद्दलचा निर्णय आधीच कुठेतरी दूर घेतलेला असतो.

२०१४ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं गेलं. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक नव्या निदानामागे जीपींना ५५ पौंड द्यायचं ठरलं. स्मृतिभ्रंशाचं निदान उशिरा होतं हे खरंच होतं. पण डॉक्टरने आपल्या आईला हा आजार सांगितला आणि त्याबद्दल त्याला पैसे मिळाले, हे कळल्यावर कुठल्या घरातला विश्वास टिकेल? रुग्णांच्या संघटनांनी आणि डॉक्टरांनीही कडाडून टीका केली. मार्च २०१५ अखेर ती योजना संपली.

जीव वाचले का

२०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ब्रिटनमधले क्वॉफमध्ये घेतलेल्या आजारांचे मृत्यू आणि अशी योजना नसलेल्या इतर सधन देशांतले मृत्यू यांची त्यात तुलना होती. ब्रिटनमध्ये मृत्यू किंचित जास्त घटले होते, पण फरक योजनेमुळेच पडला असं म्हणण्याइतका तो ठाम नव्हता.

यावरून योजना वाया गेली असं म्हणायला मी तयार नाही. रक्तदाब किंवा साखर यांचा मृत्यूवरचा परिणाम दिसायला वर्षं लागतात, आणि दमा किंवा अपस्मार आटोक्यात असणं हे मृत्यूच्या आकड्यात येतही नाही. तरीही इतक्या वर्षांत आणि इतक्या पैशांत ठाम परिणाम दिसू नये, ही गोष्ट साधी नाही.

पैसे काढून घेतल्यावर

या प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग इथे आहे. योजना सुरू होताना जी तुलना करता आली नाही ती मागे घेताना करता आली.

२०१४ मध्ये इंग्लंडने क्वॉफ आखडलं, दरम्यान ९०० वर आलेले एकूण गुण ५५९ वर आणले. २,८१९ दवाखान्यांतल्या दोन कोटींहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून संशोधकांनी काढून टाकलेल्या १२ निकषांची आणि चालू ठेवलेल्या सहांची तुलना केली. चालू ठेवलेल्यांत फारसा बदल नाही. काढलेल्या सगळ्यांत पहिल्याच वर्षी घसरण. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना जीवनशैलीचा सल्ला दिल्याची नोंद असणाऱ्यांच्या टक्केवारीत ६२ अंकांची घट झाली.

हा आकडा नीट वाचला पाहिजे. सल्ला देणं थांबलं की दिलेला सल्ला संगणकात टिपणं थांबलं, हे त्यावरून कळत नाही. मला वाटतं बरीचशी घट टिपण्यातली असावी, आणि मग आधीची वाढही तशीच होती का, हा प्रश्न आपोआप येतो. पण रक्ताच्या तपासण्यांचा निकाल प्रयोगशाळेकडून थेट संगणकात येतो, तिथे टिपण्याचा प्रश्न नाही. उदाहरणार्थ, थायरॉइडची तपासणी १२ अंकांनी घटली. ही घट खरी मानावी लागते. १० वर्षांची सवय वर्षभरात एवढी ढिली पडली.

स्कॉटलंडने एप्रिल २०१६ मध्ये क्वॉफ पूर्णच बंद केलं. त्यामागचा विचार मला मनापासून पटतो: डॉक्टरांवर विश्वास टाकायचा, जवळपासच्या दवाखान्यांनी गट करून आपल्या भागाचे प्रश्न स्वतः ठरवायचे. इंग्लंडमध्ये योजना चालू असल्याने तुलना शक्य झाली. २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांनंतर तपासलेल्या १६ पैकी १० निकषांत स्कॉटलंड इंग्लंडच्या मागे पडलं होतं. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी उपचाराची लेखी योजना करण्यात ४० अंकांची तूट, मधुमेहींच्या पायांच्या तपासणीत सुमारे २३ अंकांची.

पायांची तपासणी म्हणजे बूटमोजे काढायला लावायचे, नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला ठिकठिकाणी टोचून संवेदना आहे का ते पाहायचं, नाडी लागते का ते पाहायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. संवेदना गेलेल्या पायाला जखम झाली तरी रुग्णाला कळत नाही, ती चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते. असं काम नुसत्या चांगल्या हेतूवर सोडता येत नाही. गर्दीच्या दिवशी बूट न काढता रुग्ण परत जातो आणि त्या दिवशी कोणाचंच काही बिघडत नाही.

म्हणून स्कॉटलंडने विश्वास टाकला यात मला चूक दिसत नाही. चूक दिसते ती यात, की गुणांबरोबर त्यांच्या आधाराने उभी राहिलेली यादी-पत्र-तपासणीची साखळीही सैल पडू दिली. ज्या तपासण्या व्हायलाच हव्यात त्या नर्सच्या वेळापत्रकाचा भाग म्हणून, त्यांच्यासाठी वेगळा पगार आणि वेगळा वेळ देऊन, आधी पक्क्या करायच्या आणि मग गुण काढायचे, हा क्रम हवा होता.

२०१९ चं वळण

इंग्लंडने मधला मार्ग धरला. २०१९ मध्ये २८ निकष निवृत्त केले. नुसतं रुग्णाला वगळण्याऐवजी त्याच्या इच्छेनुसार उपचार बदलल्याचं कारण नोंदवायची सोय केली. आणि काही गुण नव्याच प्रकारच्या कामाला दिले: औषधं सुरक्षितपणे लिहिणं आणि आयुष्याच्या अखेरीची काळजी या दोन विषयांत दवाखान्याने स्वतःचं काम तपासायचं, सुधारणा ठरवायची, करून पाहायची आणि शेजारच्या दवाखान्यांशी बसून त्यावर बोलायचं. आकडा गाठला की नाही याला इथे गुण नव्हते, प्रयत्नाला आणि चर्चेला होते.

मला हा बदल योग्य दिशेचा वाटतो. आयुष्याच्या अखेरीची काळजी टक्क्यांत मोजायची ठरवली असती तर मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसूनही कोणीतरी चौकोन भरत राहिलं असतं. पण दोन गोष्टी जुन्याच राहिल्या आहेत. पैसे अजूनही दवाखान्याच्या मालकांकडे जातात आणि नर्सपर्यंत किती पोचायचे ते तेच ठरवतात. आणि एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाता येणं, ज्याची घसरण पहिल्या वर्षातच दिसली होती, त्याला त्या फेररचनेतही एकही गुण मिळाला नाही.